परदेशी जाणारी पुडी आणि आपली जबाबदारी

डिसेंबर-जानेवारी आला की पुण्यातील आपल्या चिकित्सालयांत एक दृश्य हमखास दिसते. सुट्टीसाठी आलेली मुले परदेशी परतण्यापूर्वी आई-वडील वैद्यांकडे येतात आणि सहा महिन्यांची औषधे बांधून मागतात. रुग्ण कधी सोबत असतो, पुष्कळदा नसतो. आपणही आपुलकीने पुड्या बांधून देतो. या आपुलकीच्या भरात वैद्य म्हणून असलेली आपली जबाबदारी सुटते आहे काय, याचा विचार व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी, लग्नापूर्वी माझ्याकडे उपचार घेतलेल्या आणि आता न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मुलीची आई आली. ‘पाळी पुन्हा पुढे जाते आहे, मागच्या गोळ्यांनी गुण आला होता,’ एवढेच तिचे म्हणणे. मी रजःप्रवर्तिनी वटी व एक चूर्ण दिले. दोन महिन्यांनी मध्यरात्री त्या मुलीचा दूरध्वनी आला. तिला दिवस गेले होते आणि ते कळण्यापूर्वी बारा दिवस त्या गोळ्या तिच्या पोटात गेल्या होत्या. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञाला घटकद्रव्ये हवी होती. माझ्या केसपेपरवर चूर्णापुढे केवळ क्रमांक लिहिलेला; पुडीवर तेवढेही नाही. कासीस, टंकण, हिंगु, कुमारी ही नावे सांगताना माझा आवाज कापत होता. तिच्या रक्तातील शिशाची तपासणी झाली, ती निर्दोष आली. पुढे बाळ सुखरूप जन्मले. यात माझे श्रेय काहीच नाही. आर्तव थांबले असता आधी गर्भाची शक्यता पाहावी, हा पहिला धडा. रुग्णा समोर असती तर मी तो विसरलो नसतो.

तेथील डॉक्टरांनी शिशाचीच तपासणी का करावी? २००४ साली डॉ. रॉबर्ट सेपर व सहकाऱ्यांनी बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये प्रसिद्ध केले. २००८ साली इंटरनेटवरून घेतलेल्या १९३ उत्पादनांतही सुमारे एकपंचमांशांत हेच आढळले. रसकल्पांत हे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक होते. २०१२ साली न्यूयॉर्क शहरातील सहा गर्भिणींच्या शिसे-विषबाधेचा अहवाल आला. भारतातून आलेली औषधे त्यांनी घेतली होती.

हे सारे आयुर्वेदाविरुद्धचे कारस्थान आहे, असे आपल्यातील काही मानतात. आक्षेपाला थोडी जागा आहे. शोधन-मारण झालेले भस्म आणि अशुद्ध धातू यांतील भेद अशा तपासणीत दिसत नाही. २००८ च्या अभ्यासात अमेरिकेत बनलेली उत्पादनेही भारतीय उत्पादनांइतकीच दोषी ठरली. परंतु त्या सहा गर्भिणी काही कारस्थान नव्हत्या. शिवाय आपली बाजू मांडायची, तर आपण नेमके काय दिले याचा कागद तरी आपल्यापाशी हवा.

कायदा येथे आपल्या मदतीस येत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम ३३ ईईसीने स्वतःच्या रुग्णासाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास उत्पादनाच्या बंधनांतून सूट दिली आहे. निर्यात होणाऱ्या वनस्पतिज औषधांना १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. पण प्रवाशाच्या बॅगेतून जाणाऱ्या पुडीला ती कोण लावणार? २०२० साली दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे आली. देशाबाहेरील सल्ला त्यांच्या कक्षेत नव्हता. सूट मिळाली म्हणून दायित्व संपत नाही, उलट ते सर्वस्वी आपल्यावर येते.

प्रश्न केवळ धातूंचाही नाही. यष्टीमधु दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते; मूत्रल औषध घेणाऱ्या रुग्णास हे घातक ठरू शकते. शंखपुष्पीच्या एका कल्पामुळे फेनिटॉइनचा प्रभाव घटत असल्याचे मुंबईच्या संशोधकांनी १९९२ सालीच दाखविले होते. तिकडचा डॉक्टर कोणते औषध देतो हे आपणांस ठाऊक नाही, आणि आपण काय दिले हे त्यास ठाऊक नाही. चरकांनी विमानस्थानात ‘देश’ म्हणजे भूमी आणि आतुर, दोन्ही सांगितले. येथे तर भूमी बदललेली आणि आतुर डोळ्यांआड.

म्हणून या रुग्णांना परत पाठवावे काय? मुळीच नाही. तेथील उपचार महाग, डॉक्टरांची भेट लांबणीवर. आणि आपल्या भाषेत पथ्य सांगणारा माणूस जवळ नाही. मुलांकडे सहा महिने राहण्यास जाणाऱ्या वृद्धांना तर प्रवासी विम्यात जुन्या व्याधींचे संरक्षण बहुधा मिळत नाही. ते आपल्याकडे विश्वासाने येतात. त्या विश्वासास पात्र होण्यासाठी काही पथ्ये आपणही पाळावीत, असे नम्रपणे सुचवितो.

रुग्णास पाहिल्याविना नवे औषध देऊ नये. निदान त्याच्याशी स्वतः बोलावे, निरोपावर चिकित्सा करू नये. प्रत्येक पुडीवर कल्पाचे नाव, घटकद्रव्यांची वनस्पतिशास्त्रीय नावे, मात्रा व दिनांक इंग्रजीत लिहावा आणि त्याची प्रत आपल्या दप्तरी ठेवावी. रसकल्प तसेच वत्सनाभ, कुपीलु, भल्लातक यांसारखी विषद्रव्ये असलेले कल्प दीर्घ मुदतीसाठी पाठवू नयेत. गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीस आर्तवप्रवर्तक औषध दुरून देऊच नये. तेथील डॉक्टरांना ही यादी दाखवा, असे रुग्णास आग्रहाने सांगावे. औषधालयाच्या मालकांनीही मूळ डबीतून काढून सुट्या गोळ्या देण्याची सवय सोडावी. लेबल व बॅच क्रमांक गेला की औषधाची ओळखच पुसली जाते.

आपल्या संघटनेने अशा पत्रकाचा एक सर्वमान्य नमुना छापून सभासदांना द्यावा, ही विनंती. माझ्या चिकित्सालयात आता क्रमांकाची चूर्णे नाहीत. पत्रक लिहिण्यास दहा मिनिटे अधिक लागतात आणि बाहेर बसलेले रुग्ण कुरकुरतात. परंतु पुन्हा मध्यरात्री दूरध्वनी वाजलाच, तर उत्तर त्या मुलीच्या हातातच असेल.