गाडी विकली म्हणून जबाबदारी संपत नाही!

पैसे हातात पडले, चावी दिली, आर.सी. बुक दिले, विषय संपला! जुन्या गाड्यांच्या व्यवहारात हा समज इतका मुरला आहे की, गाडी घेणाराही तो मान्य करून बसला आहे. आठ दिवसांत क्लच गेला, पंधरा दिवसांत इंजिनने धूर ओकला आणि तो तक्रार घेऊन विकणाऱ्याच्या दारात गेला, तर त्याला एकच उत्तर मिळते, "जुनी गाडी आहे, बघूनच घेतली होती ना?" हे उत्तर ऐकून तो मान खाली घालून परत फिरतो. हे उत्तर कायद्यालाही मान्य नाही आणि धंद्यालाही परवडणारे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सोलापुरात हा प्रश्न चैनीचा नाही, पोटाचा आहे. ज्या शहराने गिरण्यांच्या भोंग्यावर आपले घड्याळ लावले, त्या शहरातल्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गिरणी कामगारांची आणि विडी वळणाऱ्या आयांची मुले आज रोजगार शोधत आहेत. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर ही तिन्ही यात्रेची ठिकाणे सोलापूरपासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत. तेव्हा एखादी जुनी गाडी घ्यायची, भाविकांच्या फेऱ्या मारायच्या आणि घर चालवायचे, हा विचार अनेक तरुण करतात. नवी गाडी घेण्याची ऐपत नसते. मग आईचे मंगळसूत्र, बचत गटाचे कर्ज, फायनान्स कंपनीचा हप्ता असे जुळवून जुनी गाडी दारात येते. ती महिन्याभरात गॅरेजला लागली तर हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून 'जुनी गाडी, नवा ताप' म्हणून हसण्यावारी नेण्याचा हा विषय नाही.

या बाजाराचे दुखणे जगाने फार पूर्वी ओळखले आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये एक निबंध लिहिला. विषय होता जुन्या मोटारींचा बाजार! त्यांचे म्हणणे सोपे होते. गाडीतली खोट विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे घेणारा सगळ्याच गाड्यांकडे संशयाने बघतो आणि कमी भाव मागतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगली गाडी बाजारातून निघून जाते आणि खराब गाड्याच उरतात. याच विचारासाठी त्यांना 2001 मध्ये दोघा सहकाऱ्यांसोबत नोबेल मिळाले. म्हणजे एक विक्रेता खोट लपवतो, तेव्हा तो एकाच गिऱ्हाइकाला फसवत नाही. शेजारच्या प्रामाणिक विक्रेत्याचाही भाव पाडतो.

यावर उपाय काय? विकण्यापूर्वी खरे सांगणे आणि विकल्यावर तक्रार ऐकणे! अमेरिकेत 1985 पासून जुनी गाडी विकणाऱ्या व्यापाऱ्याला गाडीच्या काचेवर कागद लावावा लागतो. वॉरंटी आहे की गाडी 'आहे त्या स्थितीत' विकली जात आहे, हे त्यावर लिहिलेले असते. ब्रिटनमध्ये 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने व्यापाऱ्याकडून घेतलेली सदोष गाडी, जुनी असली तरी, 30 दिवसांत नाकारण्याचा हक्क दिला आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 जुलै 2020 पासून लागू आहे. या कायद्याने 'दोष' कशाला म्हणायचे हे सांगितले आहे. कायद्याने किंवा कराराने जो दर्जा असायला हवा, किंवा व्यापाऱ्याने जो असल्याचा दावा केला, त्यात कमतरता म्हणजे दोष. शेवटचे शब्द जुन्या गाडीच्या बाबतीत लाखमोलाचे आहेत. दहा वर्षांच्या गाडीकडून नव्या गाडीची अपेक्षा कुणी करत नाही. पण "एकदम कंडिशन आहे", "एकही ॲक्सिडेंट नाही", "साठ हजारच चाललीय", "सिंगल ओनर आहे" हे शब्द ज्याने उच्चारले, त्याने त्यांना जागले पाहिजे. मीटर मागे फिरवून साठ हजार दाखवले असतील तर तो नुसता दोष राहत नाही, ती फसवणूक होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली ती गुन्हा ठरू शकते.

हाच कायदा आणखी एक गोष्ट सांगतो. पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घेण्यास आणि पावतीत ठरलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, पैसे परत करण्यास नकार देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'आहे त्या स्थितीत' या तीन शब्दांच्या शिक्क्याला काहीच अर्थ नाही, असे आम्ही म्हणत नाही. जे दिसत होते, जे सांगितले होते, त्याबद्दल नंतर भांडता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. जे जाणूनबुजून लपवले, त्यावर तो पांघरूण घालू शकत नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. हा कायदा व्यापाऱ्याविरुद्ध आहे. कुणी आपली घरची एकुलती गाडी ओळखीतल्या माणसाला विकली, तर तो वाद सहसा दिवाणी न्यायालयाचा होतो. पण जो ऑटो कन्सल्टंटची पाटी लावून दहा गाड्या दारात उभ्या करतो, त्याला ही पळवाट नाही. "मी फक्त मध्यस्थ होतो" हे सांगून कमिशन खिशात घालणाऱ्यांनाही आता मोकळे रान राहिलेले नाही. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला आणि 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन विभागाचे अधिकारपत्र घेणे बंधनकारक झाले. मालकाने गाडी अशा व्यापाऱ्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन सूचना द्यायची आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी व्यापाऱ्याची. सोलापूरच्या किती दुकानांत हे अधिकारपत्र भिंतीवर लावलेले दिसते? गिऱ्हाइकाने गाडीचे बॉनेट उघडण्याआधी हा प्रश्न विचारावा.

तक्रारींचा दुसरा मोठा ढीग इंजिनाचा नसून कागदांचा असतो. गाडी नावावर होत नाही, बँकेचा बोजा उतरलेला नाही, जुनी चलने निघतात, इन्शुरन्स दुसऱ्याच्या नावावर राहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे असते. हे कोण पाळतो? सही केलेले कोरे फॉर्म 29 आणि 30 हातोहात फिरत राहतात. गाडी तीन जणांकडे जाऊन येते आणि कागदावर पहिलाच मालक राहतो. सर्वोच्च न्यायालयाने 6 फेब्रुवारी 2018 रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात याचा निकाल लावला. गाडी एकामागून एक हात बदलत गेली होती, अपघात झाला तेव्हा ती मूळ मालकाकडे नव्हती, तरीही नोंदवहीत नाव त्याचेच होते. नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली गेली. म्हणजे विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या "नाव करून द्या" या तक्रारीकडे दुर्लक्ष करणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे आहे.

सोलापूर सीमेवरचा जिल्हा असल्यामुळे येथे आणखी एक गुंता आहे. विजयपूर, कलबुर्गीकडची गाडी स्वस्तात मिळते म्हणून आणली जाते. ना-हरकत दाखला, महाराष्ट्राचा कर, 12 महिन्यांच्या आत एम.एच. 13 चा नवा क्रमांक हे सगळे करावे लागते, हे गिऱ्हाइकाला गाडी ताब्यात आल्यावर कळते. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी "यात्रेला बिनधास्त चालवा" म्हणून गळ्यात मारली जाते. भाड्याने चालवायला परवाना लागतो हे सांगितले जात नाही. रस्त्यात गाडी अडली की दंड भरतो कोण? ज्याने हप्त्यावर गाडी घेतली तो! अशा तक्रारीला "आर.टी.ओ.चे आर.टी.ओ. बघेल" असे उत्तर देणारा विक्रेता गाडी विकतो की माणसाचे नशीब?

आता विक्रेत्यांशी थोडे बोलू. या धंद्यात आपलेही अनेक तरुण उतरले आहेत. छोटी जागा भाड्याने घेऊन, दोन-तीन गाड्या लावून ते उभे राहू पाहतात. आम्हाला त्यांचा अभिमान आहे. बाबासाहेब 1917 मध्ये परदेशातून शिकून परतल्यानंतर मुंबईत शेअर व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू करून बसले होते. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. ज्ञान होते, पदव्या होत्या, पण बाजाराने आधी जात विचारली. आजही दुकानात आडनाव विचारून विश्वास ठेवणारे कमी नाहीत. अशा बाजारात ओळखीवर आणि गोड बोलण्यावर धंदा उभा राहत नाही. तो उभा राहतो कागदावर! लिहून दिलेल्या शब्दाला जात नसते.

म्हणून आमची सूचना सरळ आहे. गाडी देताना एक पान लिहा. मीटरचे आकडे, किती मालक झाले, कुठे ठोकली होती, कोणता भाग बदलला, काय बदलायला आले आहे, इन्शुरन्स कधीपर्यंत, बोजा आहे की नाही. खाली दोघांच्या सह्या. गिऱ्हाइकाला म्हणा, "दादा, तुमच्या फिटरला घेऊन या, लिफ्टवर चढवून बघा." यामुळे दोन गिऱ्हाइके कदाचित परत जातील. पण जो घेईल तो भांडायला येणार नाही.

तरीही तक्रार आली तर पहिले काम म्हणजे फोन बंद न करणे. तक्रार लिहून घ्या, तारीख टाका, त्या दिवशीचे किलोमीटर लिहा. दोन दिवसांत गाडी अशा गॅरेजमध्ये दाखवा, जे तुमचेही नाही आणि त्याचेही नाही. मग विक्रीच्या पानाशी ताडून बघा. दोष आधीचा आहे आणि सांगितला नव्हता? दुरुस्ती तुमच्या खर्चाने, ती होत नसेल तर गाडी परत. वापराने झिजणारा भाग गेला? तसे लेखी सांगा, जमल्यास मजुरीचा भार उचला. गिऱ्हाइकाने ऑइल न घालता गाडी पळवली? तेही फिटरच्या लेखी अहवालासह सांगा. नाही म्हणण्याचा हक्क विक्रेत्याला आहे, पण तो कारणासह वापरायचा असतो. तडजोड झाली की तिचाही कागद करा.

जे हे करणार नाहीत, त्यांनी पुढचे ऐकून ठेवावे. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला तो जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करण्याची मुभा दिली आहे. सोलापूरच्या विक्रेत्याने लातूरच्या माणसाला गाडी विकली तर तारखेला लातूरला जावे लागू शकते. नोटीस मिळाल्यावर उत्तर देण्यास 30 दिवस आणि जास्तीत जास्त आणखी 15 दिवस मिळतात. त्यापलीकडे सवलत देण्याचा अधिकार आयोगाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 रोजी ठरवून दिले आहे. नोटीस फाडून टाकणाऱ्याचे म्हणणे न ऐकताच निकाल लागू शकतो.

आणि घेणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका! तोंडी भांडण करून, चार पोरे नेऊन दुकानापुढे आरडाओरडा करून काही मिळत नाही. उलट गुन्हा तुमच्यावरच दाखल होतो. लेखी तक्रार द्या, पोच घ्या. पावतीशिवाय इसार देऊ नका. पैसे बँकेतून द्या. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जा. व्यवहार 5 लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही, वकीलच लागतो असेही नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून 2 वर्षांची आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी गाडी घेतली असेल तरी तुम्ही ग्राहकच आहात, 'व्यापारी हेतू' म्हणून कुणी तुम्हाला हाकलू शकत नाही. आयोगात निकालाला वेळ लागतो हे खरे. म्हणूनच पहिल्या दिवसापासून कागद हवा.

आपल्या माणसांचे नुकसान अडाणीपणापेक्षा भिडेने जास्त केले आहे. मोठ्या दुकानात प्रश्न कसा विचारायचा, ओळखीच्या माणसाकडे पावती कशी मागायची, विकून झाल्यावर तक्रार कशी करायची, ही भीड! ज्याने पै-पै जोडून गाडी घेतली, त्याला विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. आणि ज्याने ती विकली, त्याला उत्तर देण्याचे बंधन आहे. तक्रार करणारा हा धंद्याचा शत्रू नव्हे. तो न बोलता निघून गेला, तर गावभर सांगत फिरतो. तो दारात आला, याचा अर्थ त्याचा विश्वास अजून पुरता तुटलेला नाही. तो सांभाळायचा की गमवायचा, हे विकणाऱ्याने ठरवावे!