घड्याळाला पोहता येत नाही

दिवाळीला आठ दिवस राहिले असताना आमचा भाचा मुंबईहून आला आणि चहाचा कप हातात घेण्यापूर्वीच त्याने शर्टाची बाही वर केली. मनगटावर पोलादी पट्ट्याचे एक जाडजूड घड्याळ होते. काळी तबकडी, तिच्याभोवती आकडे कोरलेले फिरते कडे आणि वजन असे, की भाजीवाल्याने माप म्हणून वापरावे!

"केवढ्याला रे?" सौ.ने विचारले. आकडा ऐकून तिने किटली खाली ठेवली. "आणि तेसुद्धा दुसऱ्याचं वापरलेलं?"

"मामी, नवं कोरं घ्यायचं म्हटलं तर याच्या दुप्पट पैसे पडतात. स्विस आहे, पाणबुड्यांचं घड्याळ! दोनशे मीटर खोल गेलं तरी काही होत नाही. मामा, यंदा मालवणला हे घालूनच समुद्रात उतरायचं."

मालवण ही आमची सासुरवाडी. दर दिवाळीला आमचा लवाजमा तिकडे जातो आणि फराळ जिरवण्याच्या निमित्ताने सारी मंडळी समुद्रावर पडीक असतात. भाच्याच्या उत्साहावर पाणी ओतणे माझ्या जिवावर आले होते. तरी मी त्याला त्या दिवशी समोर बसवून चार गोष्टी सांगितल्या. हल्ली पुष्कळ घरांत अशी वापरलेली उंची घड्याळे हौसेने घेतली जातात, म्हणून त्याच गोष्टी वाचकांनाही सांगतो.

पहिली गोष्ट त्या 'दोनशे मीटर'ची. समुद्रात दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. तेवढा दाब कारखान्यात नव्या घड्याळावर देऊन पाहिलेला असतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. '३० मीटर' म्हणजे हात धुताना उडालेले शिंतोडे आणि पावसाची सर. '५० मीटर' म्हणजे फार तर साधे पोहणे. खऱ्या पाणबुड्यांच्या घड्याळासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. ते निदान १०० मीटरचे असावे लागते आणि लिहिलेल्या आकड्याहून सव्वापट दाबाला टिकावे लागते. १९५३ साली निघालेल्या अशा एका नामांकित घड्याळाचे नावच 'फिफ्टी फॅदम्स', म्हणजे आपल्या कोकणी खलाशांच्या भाषेत पन्नास वांव! ही खोली जेमतेम ९१ मीटर भरते.

परंतु हे सारे नव्या घड्याळाचे झाले. जुन्या घड्याळाचा आकडा म्हणजे वीस वर्षांपूर्वीचे प्रकृतीचे सर्टिफिकेट. त्याच्यावर विसंबून आज कोणी डोंगर चढेल का? घड्याळात पाणी शिरू नये म्हणून पाठीच्या झाकणाला, काचेला आणि चावीला बारीक रबरी कडी बसवलेली असतात. गृहिणींना हे मी वेगळे सांगायला नको. कुकर कितीही नामांकित कंपनीचा असो, त्याची रिंग कडक झाली की वाफ बाजूने निसटते आणि डाळ कच्ची राहते. घड्याळाच्या रिंगाही वयाने, घामाने, साबणाने आणि उष्णतेने अशाच कडक होतात. म्हणून नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाला घड्याळ काढून ठेवावे. कढत पाणी आणि साबण यांचा त्या रबराला समुद्राहून अधिक जाच होतो.

दुसरी गोष्ट तबकडीची. मुंबईच्या चोरबाजारात जुन्या घड्याळांचे ढीग पाहिलेल्यांना ठाऊक असेल, की कित्येक जुन्या एचएमटी आणि फाव्हर-ल्यूबा घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवलेल्या असतात. अशा तबकडीवर 'वॉटरप्रूफ' हा शब्द दिसला, तरी तो रंगाऱ्याने लिहिला, तपासनिसाने नव्हे! शिवाय नावावरही जाऊ नये. फाव्हर-ल्यूबाचे 'सी किंग' आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनगटावर वर्षानुवर्षे होते. पण नावात समुद्र असला तरी ते कचेरीत जाणाऱ्यांचे घड्याळ. पाणबुड्यांसाठी त्याच कंपनीने १९६४ साली 'डीप ब्लू' म्हणून वेगळे घड्याळ काढले.

तेव्हा वापरलेले घड्याळ हाती आले, की आधी ते जाणत्या कारागिराकडे न्यावे. रिंगा नव्या बसवून घ्याव्यात आणि दाबाच्या यंत्रात घालून त्याची परीक्षा करून घ्यावी. ही परीक्षा वर्षातून एकदा व्हावी, आणि घड्याळ उघडले गेले की पुन्हा व्हावी. पाण्यात उतरण्यापूर्वी चावी आट्यांवर घट्ट फिरवून बसवावी. पाण्यात असताना चावीला किंवा बाजूच्या बटणांना हात लावू नये. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुवावे, नाहीतर मीठ सांध्यासांध्यांत बसते. काचेच्या आतून धुके दिसले, की ते उन्हात ठेवून 'बरे होईल' म्हणत बसू नये. त्याच दिवशी कारागिराकडे धाडावे.

"एवढंच ना? उद्याच करून घेतो," भाचा म्हणाला. घड्याळाचा प्रश्न सुटला, असे त्याला वाटले. मला सांगायची गोष्ट तर पुढेच होती.

ती आमच्या घरात फारशी निघत नाही. लग्नाला तीनच वर्षे झाली होती. माझ्या वडिलांनी एका जहाजावरच्या माणसाकडून घेतलेले जुने स्विस घड्याळ ते गेल्यावर माझ्याकडे आले होते. मी त्याच्या रिंगा बदलल्या होत्या, परीक्षाही करून घेतली होती. भाऊबीजेच्या दुपारी आम्ही देवबागला गेलो. तारकर्लीच्या पुढे ही जमिनीची पट्टी निमुळती होत जाते आणि तिच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते. साडेतीनचा सुमार होता. पाणी कमरेएवढे, वर ऊन, वाळू मऊ. चार हात मारले आणि मनगट एकाएकी हलके वाटले.

पट्टा घड्याळाला जोडणारी बारीक पिन तुटली होती. रिंगा पाहिल्या, चावी पाहिली. दोन रुपयांची पिन पाहायची राहिली! घड्याळ वळवळत खाली जाताना दिसले आणि मी बुडी मारली. वडिलांची ती शेवटची खूण, सोडवेना. वर आलो, दम घेतला, पुन्हा बुडी मारली. तिसऱ्यांदा वर आलो तेव्हा पायाला वाळू लागेना. किनाऱ्यावर सौ. उभी होती, कडेवर दोन वर्षांची मुलगी होती, आणि दोघी भलत्याच लहान दिसत होत्या. मी त्यांच्या दिशेने जीव तोडून हात मारू लागलो, तो त्या आणखी लहान झाल्या.

नाकातोंडात पाणी गेले. तेवढ्यात माझ्यापुढे एक वल्हे आले. होडीतल्या म्हाताऱ्याने मला आत ओढले. मी गावचा जावई, हे त्याला ठाऊक होते. म्हणून रागावतानाही त्याने अदब सोडली नाही. "जावयबापू, घड्याळ गेला तर जाव दे. तेच्या वांगडा तुमी खंय चल्लात?"

मला पोहता येत होते आणि घड्याळही निर्दोष होते. मग चुकले काय? मी घड्याळात किती वाजले ते पाहिले, समुद्रात किती वाजले ते पाहिले नाही. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते, हा जुन्या माणसांचा हिशेब. अमावास्येला सव्वाअकरा, भाऊबीजेला दीड. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून पक्क्या वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. म्हणजे आपण फराळ-जेवण उरकून, वामकुक्षी आटोपून समुद्रावर जातो ते बरोबर ओहोटीत! त्यातून दिवाळी अमावास्येची, म्हणजे उधाणाची. पाणी चढतेही जास्त आणि ओसरतेही जोरात. नदीच्या मुखाशी तर खाडीभर पाणी एकदम बाहेर निघते. अशा ओढीच्या तोंडावर हात मारून माणूस फक्त दमतो. त्याने अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून हाक द्यावी आणि किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाजूला निघावे. मुखाशी मात्र उतरूच नये, हे उत्तम.

भाच्याला मी आणखी एक हकिगत सांगितली. १९२७ च्या ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनची तरुणी इंग्लिश खाडी पोहून गेली. तिच्याविषयी शंका निघाल्या म्हणून दोन आठवड्यांनी ती पुन्हा पाण्यात उतरली. गळ्यात रोलेक्स कंपनीचे 'ऑयस्टर' घड्याळ होते. दहा तासांवर ती त्या गारठ्यात झुंजली आणि शेवटी तिला बोटीवर ओढून घ्यावे लागले. घड्याळ मात्र बिनचूक चालू होते! कंपनीने पुढे त्याची मोठी जाहिरात केली. मला त्या हकिगतीत ती बोट महत्त्वाची वाटते.

मालवणच्या समुद्राला दोष द्यायचा नाही. चिवल्याच्या पाण्यात सागरी जलतरणाच्या स्पर्धा होतात, किल्ल्याजवळ हौशी मंडळी बुड्या मारून रंगीत मासे पाहतात. पण याच किनाऱ्यावर १५ एप्रिल २०१७ रोजी वायरीला बेळगावहून सहलीस आलेले आठ जण बुडाले, आणि २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची होडी उलटून दोघे गेले. तेव्हा होडीत पाऊल टाकण्याआधी तरंगजाकीट अंगात घालावे, एकट्याने पाण्यात जाऊ नये आणि कोळ्याने 'नको' म्हटले की नको.

घड्याळापुरता माझा नियम एकच: जे हरवले तर त्याच्यामागे बुडी मारावीशी वाटेल, ते घालून समुद्रात उतरू नये.

भाचा काही बोलला नाही. मालवणला पोचल्यावर त्याने घड्याळ काढून आजीच्या हवाली केले. तिने ते देव्हाऱ्यात, लक्ष्मीपूजनाच्या नाण्यांशेजारी ठेवले. किंमत तिला कोणी सांगितली असावी!

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आम्ही चिवल्यावर गेलो. भाचा मोकळ्या मनगटाने मनसोक्त डुंबला. बऱ्याच वेळाने त्याने सवयीने मनगट वर केले, तिथे काही नव्हते, म्हणून मला ओरडून विचारले, "मामा, किती वाजले?" माझ्याही हाताला घड्याळ नव्हते.

जाळे सारखे करीत बसलेल्या एका कोळ्याने वाळूवरच्या ओल्या रेघेकडे पाहिले आणि माझ्याआधी उत्तर दिले, "सुकती लागली. भायर येवा."

भाचा लगेच बाहेर आला.