घोड्यावर मावेल तेवढंच बिऱ्हाड



अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या उन्हाळी शिबिराची नावनोंदणी सुरू झाली आहे आणि यंदा पहिल्यांदाच अर्जांवर कुत्र्यांचीही नावं आली आहेत. कार्यकारिणीने त्यांना आनंदाने होकार दिला. त्यापाठोपाठ प्रश्न येऊ लागले: तंबू कितीजणांचा घ्यायचा, कुत्र्याला बूट लागतात का, त्याच्यासाठी वेगळी स्लीपिंग बॅग हवी का. या प्रश्नांशी झगडताना मला सारखा आमचा नंदुरबार जिल्हा आठवत राहिला, म्हणून यावेळचं संपादकीय तिकडच्या वाटेने जाणार आहे.

धुळे-नंदुरबारकडे ठेलारी धनगरांची कुटुंबं पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन बाहेर पडतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी परततात. बरोबर म्हातारी माणसं, तान्ही लेकरं, घोडी आणि कुत्री. सगळा संसार घोड्याच्या पाठीवर असतो: भांडी, पीठमीठ, अंथरूण-पांघरूण, कोंबड्या, चालून दमलेलं कोकरू, कधी त्या सगळ्यावर बसवलेलं पोर. संध्याकाळी एखाद्या शेतात वाडा पडतो, मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळी, ताणली जाते आणि कुत्री राखणीला बसतात. त्यांचं चालणं पोटासाठी आहे, आपलं हौसेसाठी. त्या वाटेवरचे कष्ट मोठे आहेत आणि चराईची रानं आक्रसत चालली आहेत. तरी लेकरं आणि कुत्री घेऊन उघड्यावर रात्र काढायची विद्या कुणाला अवगत असेल, तर ती या कुटुंबांना आहे. त्यांच्या बिऱ्हाडातल्या प्रत्येक वस्तूला दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: हे वाहणार कोण, आणि रात्री कुणाच्या उपयोगी पडणार? आपणही दुकानात शिरण्याआधी हेच दोन प्रश्न विचारावेत, असं मला मनापासून वाटतं.

घोंगडीचंच घ्या. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी अंथरायला होते, पांघरायला होते, पावसात डोक्यावरून तिची खोळ करता येते. मुख्य म्हणजे ओली झाली तरी ती ऊब सोडत नाही. आपल्याकडच्या महागड्या स्लीपिंग बॅगांत पिसांचा भराव असतो. तो वजनाला हलका आणि कोरडा असताना फार उबदार. भिजला की गोळे होतात आणि ऊब जाते. ज्या तंबूत ओढ्यात डुंबून आलेलं कुत्रं अंग झाडणार आहे, तिथे कृत्रिम धाग्यांच्या भरावाची बॅगच घ्यावी. ती थोडी जड आणि थोडी स्वस्त असते, आणि घरच्या मशीनमध्ये धुताही येते.

त्याहून महत्त्वाची चटई. डिसेंबरात तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना जमिनीतून वर येणारी थंडी ठाऊक असेल. पांघरूण कितीही जाड असलं तरी अंगाखाली दबलेल्या भागाची ऊब जमीन ओढून घेते. म्हणून चटईवर लिहिलेला ‘आर’ आकडा बघा. तो जितका मोठा, तितका थंडीला अटकाव जास्त. गोठणबिंदूच्या आसपासच्या रात्रींसाठी चारच्या पुढचा असावा. कुत्र्यालाही चटई लागतेच, विशेषतः आखूड केसांच्या आणि म्हाताऱ्या कुत्र्याला. त्याच्यासाठी हवा भरायची चटई नको, नखाने फुटते. साधी फोमची घडीची चटई पुरते. तिच्यावर घरातली त्याच्या ओळखीची गोधडी टाकली की तो लवकर स्थिरावतो.

तंबूवर ‘चार माणसांचा’ असं लिहिलेलं असतं, ते खांद्याला खांदा लावून झोपणारी चार माणसं धरून. आईवडील, एक मूल आणि मध्यम आकाराचं कुत्रं असेल तर तोच तंबू जेमतेम पुरतो. पुढे छोटी ओसरी असलेला तंबू निवडा. ओले बूट तिथे राहतात आणि कुत्र्याला पुसून आत घेता येतं. निघण्यापूर्वी त्याची नखं कापा. आणि तंबू आधी घरामागच्या अंगणात उभारून त्यात एक रात्र झोपून बघा. कुत्र्याने पहिल्यांदा तंबू जंगलात, रात्री, वाऱ्यात पाहिला तर ती रात्र कुणाचीच झोपेची होत नाही.

कुत्रं रात्री कुठे झोपणार, हा प्रश्न मात्र हौसेचा नाही. आमच्या शहादा-तळोद्याकडच्या उसात बिबट्या असतो. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यात ३९ टक्के वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. हिमालयातले मेंढपाळ राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी पट्टा घालतात, तो याच भीतीने. सुट्टीत भारतात गेल्यावर चुलतभावाच्या कुत्र्याला घेऊन सातपुड्यात मुक्कामाला जाणार असाल, तर त्याला बाहेर खुंटीला कधीही बांधू नका. आधी वनखात्याकडे चौकशी करा. अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत पाळीव प्राणी नेता येत नाहीत. इथे अमेरिकेत बिबट्या नसला तरी कायोटी आणि अस्वलं आहेत. कुत्रं तंबूत आणि त्याचं खाणं, वाडग्यासकट, आपल्या खाण्याबरोबर अस्वलाला उघडता न येणाऱ्या पेटीत.

इथल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांच्या पायवाटांवर कुत्र्यांना मज्जाव आहे. अकेडिया आणि शेनान्डोआ ही दोन उद्यानं त्याबाबतीत उदार आहेत, पण तिथेही दोरी सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही. आपोआप लांबणारी दोरी म्हणूनच घरी ठेवा. गळपट्ट्यापेक्षा छातीवरून जाणारा, पाठीवर मूठ असलेला हार्नेस बरा. खडकावर चढवताना त्या मुठीने कुत्र्याला आधार देता येतो.

आता दिव्यांचं. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमाराला आमच्याकडे अस्तंभ्याची यात्रा निघते. तळोद्याहून हजारो माणसं सातपुड्यातली सुमारे १,३२५ मीटर उंचीची अश्वत्थाम्याची टेकडी चढतात, आणि बरीच चाल रात्रीची असते. रात्री चालणाऱ्याला हात मोकळे लागतात. म्हणून हातातल्या बॅटऱ्यांऐवजी प्रत्येक मुलाला डोक्याला बांधायचा दिवा द्या आणि कुत्र्याच्या पट्ट्याला एक छोटा दिवा लावा.

अंधारापेक्षा उन्हाची काळजी जास्त. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग निववतो. मे महिन्यातल्या तापीकाठच्या उन्हात भर दुपारी कुणी जनावर हाकत नाही, तोच नियम इथल्या जुलैत पाळावा. हाताची मागची बाजू खडकावर सात सेकंद टेकवा. सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवणार नाही. बूट घेतलेत तर महिनाभर आधी घरात घालून सवय करा. पाणी घरातल्या एका माणसाइतकं त्याच्यासाठी वेगळं धरा. धडधाकट, वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं ओझं देता येतं, पण दोन्ही बाजूंना सारखं. घोडी लादणारा माणूस जसा दोन्हीकडचा भार हाताने तोलून बघतो, तसं बघा. पिल्लावर काहीही लादू नका.

इथे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत गोचिडींमुळे लाइम रोग होतो, माणसांना आणि कुत्र्यांनाही. गोचीड काढायचा बारीक चिमटा आणि पशुवैद्याने दिलेलं प्रतिबंधक औषध यांवर पैसे वाचवू नका. आणि चिवडा! त्यातले बेदाणे आणि तळलेला कांदा कुत्र्याला विषारी आहेत. शिबिरातले डबे मुलांच्या हाती देताना हे त्यांना नीट समजावून सांगा.

कुत्र्याचा वेगळा तंबू, त्याची खास स्लीपिंग बॅग, त्याचे रंगीत कपडे यांतलं काहीही यंदा विकत घेऊ नका. मंडळाच्या सभासदांकडे चार माणसांचे तंबू, फोमच्या चटया आणि डोक्याचे दिवे पडून आहेत. ते उसने देण्याची यादी आम्ही करत आहोत. देणाऱ्यांनी आणि मागणाऱ्यांनी दोघांनीही या महिनाअखेर कळवावं. कुत्रं आणणाऱ्यांनी अर्जावर त्याच्या नावापुढे वजन, वय, रेबीजच्या लशीची तारीख आणि अनोळखी मुलांमध्ये ते कसं वागतं, एवढं जरूर लिहावं. त्यावरूनच तंबूंच्या जागा ठरवायच्या आहेत.

— संपादक