ओव्हरक्लॉक कराच, पण उलट्या दिशेने

आमच्या ऑफिसात दर पंधरा दिवसांनी कुणीतरी हळूच विचारतंच, "अरे, ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करू का? काही होणार नाही ना?" प्रश्नातली काळजी खरी असते. कार्ड हप्त्यांवर घेतलेलं असतं आणि हप्ते अजून संपलेले नसतात :)

माझं उत्तर ऐकून मंडळी जरा हिरमुसतात. मी म्हणतो, करा की! पण वेग वाढवण्याऐवजी व्होल्टेज कमी करा. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात, आणि माझ्या मते आपल्याकडच्या हवेत हाच शहाणपणाचा सौदा आहे.

ओव्हरक्लॉकिंगला जे वलय आहे ना, ते जुन्या काळाचं. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याची बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा. दीडपट वेग, तोही फुकटात! आमच्या टीममधले एक सीनियर लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या त्या सेलेरॉनबद्दल अजूनही पहिल्या प्रेमासारखं बोलतात. पण तेव्हा कंपनीच भरपूर वेग शिल्लक सोडायची. २०१२ मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स ६८० बरोबर जीपीयू बूस्ट आणलं, आणि गणित बदललं. आता वीज आणि तापमान परवानगी देईल तितका वेग कार्ड स्वतःच वाढवतं. थोडक्यात, खोक्यातून बाहेर येतानाच ते बऱ्यापैकी ओव्हरक्लॉक झालेलं असतं. मग आपल्यासाठी उरतं काय? ताटाला चिकटलेली शितं.

माझं कार्ड आरटीएक्स ३०६०, २०२१ चं मॉडेल. कागदावर बूस्ट १७७७ मेगाहर्ट्झ, पण प्रत्यक्षात आपोआपच १९०० च्या आसपास जातं. एक अख्खा रविवार घालवून ते आणखी वर ढकललं, तर ६० फ्रेमच्या ६३ झाल्या. पंखे मात्र मिक्सरसारखे ओरडायला लागले.

आता आपल्या हवेचा मुद्दा. कार्डांची परीक्षणं होतात ती वीस-बावीस अंशांच्या खोलीत. पुण्यात एप्रिल-मे मध्ये माझ्या खोलीत दुपारी सदतीस असतात. हवेने थंड होणारं कार्ड खोलीच्या वरच मोजायला लागतं, म्हणजे हे पंधरा अंश जवळजवळ तसेच्या तसे त्याच्या डोक्यावर. तापमान चढलं की बूस्ट गुपचूप वेग उतरवतं. रविवारभर कमावलेलं दुपारच्या उन्हात गेलं!

व्होल्टेजचं उलट आहे. चिपची वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग तोच ठेवून १.०५ व्होल्टचे ०.९ केलेत, तर चालू कामात खर्च होणारी वीज सुमारे २६ टक्क्यांनी घटते. कंपनीला प्रत्येक चिप चालवायची असते, कमअस्सल सुद्धा, म्हणून ती सरसकट सगळ्यांना जास्त व्होल्टेज देते. तुमच्या चिपला बहुधा तेवढं लागतच नाही. (वीजबिलात फार फरक पडेल अशी आशा नको. रोज चार तासांत ४० वॅट वाचले तरी महिन्याला पाचेक युनिट. फरक पडतो तो खोलीच्या उकाड्यात.)

कृती सोपी आहे. एमएसआय आफ्टरबर्नर उघडा, कंट्रोल आणि एफ दाबा, व्होल्टेज-वेगाचा आलेख दिसेल. ९०० मिलीव्होल्टचा बिंदू १८०० च्या आसपास उचला आणि त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू त्याच उंचीवर सपाट करा. हे आकडे माझ्या कार्डाचे हं, तुमचे वेगळे निघतील. मग थ्रीडीमार्कची स्ट्रेस टेस्ट, आणि त्यानंतर तुमचा नेहमीचा गेम दोन तास. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत आली, तर विंडोजने ड्रायव्हर रीसेट केलाय. पंधरा मेगाहर्ट्झ खाली या. आणि आठवडाभर नीट चालल्याशिवाय 'सुरू होतानाच लागू करा' हे बटण दाबू नका, नाहीतर बिघडलेलं सेटिंग मशीनबरोबरच उठेल.

तरीही वेगच हवा असेल, तर स्लायडरने कार्ड सहसा जळत नाही, कारण व्होल्टेजची मर्यादा बायॉसमध्येच बांधलेली असते. धोका दुसरा बायॉस चढवण्यात आहे. तिथे हात घालू नका, वॉरंटीच्या अटी आधी वाचा. पॉवर लिमिट वाढवताना यूपीएसकडेही बघा. आपल्या घरोघरी असणारा ६०० व्हीएचा डबा बऱ्याचदा जेमतेम ३६० वॅट देतो. मेमरी तर फारच लबाड. ताण जास्त झाला की ती चुका पकडून तोच डेटा पुन्हा मागवते, त्यामुळे आकडा वाढतो आणि फ्रेम घटतात. जे कार्डावर रेंडरिंग किंवा मॉडेल ट्रेनिंग करतात, त्यांनी तर मेमरीला हातच लावू नये. गेममध्ये एखादा ठिपका चुकला तर कुणाला कळत नाही, पण ट्रेनिंगमध्ये चुकलेली संख्या पुढच्या सगळ्या हिशोबात मिसळते.

हो, एक राहिलं. डिसेंबरात ठरवलेले आकडे मे महिन्यात पुन्हा तपासा. दुपारी दोनला, एसी बंद ठेवून.