पाण्याचा हिशेब मिळाला. क्षारांचा कोण देणार?

दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांची बाजू मांडणारे सांगतात : आमच्याकडे ‘झेडएलडी’ (झिरो लिक्विड डिस्चार्ज, म्हणजे शून्य द्रव विसर्ग) आहे, सांडपाण्याचा थेंब बाहेर जात नाही, भीमा नासवली ती पुण्याने. यातला शेवटचा भाग बराचसा खरा आहे. पुणे-पिंपरीचे मैलापाणी घेऊन आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि ते पाणी दौंडवरून उजनीकडे जाते. पण वरून नासलेली नदी आली म्हणून खालच्यांना ओढ्यात वाटेल ते सोडण्याचा परवाना मिळत नाही. शिवाय मैल्याचे विघटन जिवाणू करतात, क्षारांचे करत नाहीत.

आता तो थेंब. विसर्ग शून्य होऊ शकतो तो पाण्याचा, त्यात विरघळलेल्याचा नव्हे. आरओचा पडदा क्षार नाहीसे करत नाही, फक्त बाजूला काढतो. चांगले पाणी कूलिंग टॉवरला जाते, मागे राहते ते आणखी खारट ‘रिजेक्ट’. ते एमईईमध्ये, म्हणजे वाफेवर पाणी आटवणाऱ्या यंत्रात, आटवायचे तर वाफ लागते, वाफेला इंधन आणि इंधनाला पैसा. रिजेक्ट न आटवता गुपचूप सोडून देण्याचा मोह होतो तो इथे. समजा, एखाद्या कारखान्याचे रोजचे सांडपाणी 1 लाख लिटर आहे आणि दर लिटरमध्ये 10 ग्रॅम क्षार आहेत. मग तिथे रोज टनभर क्षार साठलाच पाहिजे. तो घातक कचऱ्यात मोडत असेल, तर 2016च्या नियमांनुसार ट्रकबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीची नोंदपत्रिका, जाते. आणि अशा कचऱ्याचा सामायिक प्रकल्प शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगाव एमआयडीसीत आहे. रात्री चोरपाइप शोधत हिंडण्यापेक्षा दिवसा ट्रक मोजावेत.

‘सीईटीपी (सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र) आहे ना’ हे उत्तरही अपुरे. फार खारट पाण्यात तिथले जिवाणूच मरतात. सौम्य पाण्यात मिसळून आकडा खाली येतो, क्षाराचे वजन तेवढेच राहते. म्हणून तीव्र सांडपाणी ज्या विभागात तयार होते तिथेच वेगळे काढावे. उरलेले सौम्य पाणी पुन्हा वापरणे मग स्वस्तही पडते.

कारखाने हटवा, असे माझे म्हणणे नाही; पाणी पुन्हा वापरूनही ते चालू शकतात. याच टापूतल्या साखर कारखान्यांचे पाहा : उसाच्या वजनात सुमारे 70 टक्के पाणीच असते, तेव्हा बाहेरून पाणी कमी घेणे त्यांना जमण्यासारखे आहे.

मागणी साधी आहे. घेतलेले पाणी, पुन्हा वापरलेले पाणी, निघालेला क्षार आणि त्याच्या मॅनिफेस्टचे क्रमांक दर महिन्याला परिसरातल्या पांढरेवाडी आणि कुरकुंभ ग्रामपंचायतींच्या फलकावर लागावेत. व्यापारी गुपित फुटेल, ही सबब टिकत नाही. क्षाराच्या एकूण वजनावरून उत्पादनाची कृती कुणाला कळत नाही.