गादीतली धग आणि सिगारेटचा कागद

धूम्रपानामुळे घराला लागणारी आग बहुधा ज्वाळेने नव्हे, तर धुमसण्याने सुरू होते, आणि तिच्या प्रतिबंधाचा विचार या फरकापासूनच सुरू करावा लागतो. धुमसणे म्हणजे घन पदार्थाच्या पृष्ठभागावर ज्वाळेविना, मंदगतीने चालणारे ज्वलन. पेटती सिगारेट कोणी ओढत नसतानाही जळत राहते आणि तेव्हाही तिच्या टोकाचे तापमान सुमारे 700 अंश सेल्सियस असते. हे टोक गादी आणि उशीच्या बेचक्यात पडले, की उष्णता बाहेर न पडता आतच साठते, कापूस धुमसू लागतो, आणि तंतूंमधल्या पोकळ्यांतून हवा मिळत राहिल्याने ही धग कित्येक तास टिकते. या अवधीत कार्बन मोनॉक्साइड हा रंग व गंध नसलेला विषारी वायू खोलीत साचतो. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट धरून ठेवत असल्यामुळे झोपलेला माणूस ज्वाळा दिसण्यापूर्वीच बेशुद्ध होऊ शकतो, आणि मद्याचा किंवा झोपेच्या औषधाचा अंमल असेल तर त्याला जाग येण्याची शक्यता आणखी कमी होते.

अंथरुणात सिगारेट ओढू नये, हा सल्ला योग्यच आहे. तथापि ज्याला नकळत डोळा लागतो तो त्या क्षणी कोणताच सल्ला पाळू शकत नाही, आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलांनी तर कसलाच निष्काळजीपणा केलेला नसतो. म्हणून केवळ ओढणाऱ्याला दोष देऊन थांबणारा विचार अपुरा आहे, असे या स्तंभाचे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न सुमारे पाव शतक लढवला गेला. 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेस्टवुड येथे सिगारेटमुळे लागलेल्या आगीत आई-वडील आणि त्यांची पाच मुले मृत्युमुखी पडली, आणि त्यानंतर तेथील काँग्रेस सदस्य जो मोकली यांनी सिगारेटच अशी बनवावी की ती दुर्लक्षित राहिल्यास विझेल, अशी मागणी लावून धरली. सिगारेट उद्योगाने मात्र गाद्या आणि सोफे न पेटणारे करण्याकडे बोट दाखवले. 1984 च्या कायद्यान्वये नेमलेल्या अभ्यासगटाने अशी सिगारेट तांत्रिकदृष्ट्या शक्य असल्याचा निर्वाळा 1987 मध्ये दिला. तरीही पहिला बंधनकारक नियम न्यूयॉर्क राज्यात लागू व्हायला 2004 साल उजाडले, आणि तोवर मोकली हयात नव्हते. पाठोपाठ 2005 मध्ये कॅनडाने, तर 2011 मध्ये युरोपीय संघाने असे नियम लागू केले.

या सुधारणेमागील तंत्र विलक्षण साधे आहे. सिगारेटच्या कागदावर ठरावीक अंतराने कमी सच्छिद्र असे दोन-तीन पट्टे असतात. धग पट्ट्यापाशी पोहोचली, की तिला मिळणारी हवा घटते आणि झुरका घेतला नाही तर ती बहुधा तिथेच विझते. चाचणीत गाळण कागदाच्या थरांवर 40 सिगारेटी पेटत्या ठेवल्या जातात आणि त्यांपैकी 25 टक्क्यांहून अधिक शेवटपर्यंत जळता कामा नयेत, अशी अट असते. म्हणजे अशी सिगारेटही पूर्ण निर्धोक नसते, आणि तिचा धूर शरीराला तितकाच घातक असतो, हे विसरता येत नाही.

भारतातील 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा जाहिराती, सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान, विक्री आणि वेष्टनावरील इशारे यांविषयी बोलतो. सिगारेट दुर्लक्षित राहिल्यास विझावी, अशी अट मात्र त्यात नाही. ज्या देशात कापसाच्या गाद्या आणि गोधड्या अजूनही घरोघरी आहेत, तेथे ही उणीव गंभीर आहे. तेंदूपानात वळलेली विडी झुरके थांबले की बहुधा आपोआप विझते. पण तिच्यासाठी पेटवलेली काडी आणि गवताच्या गंजीजवळ टाकलेले थोटूक यांचा धोका त्याने संपत नाही. कायदा होईपर्यंत घराला स्वतःचे नियम करावे लागतात: ओढणे घराबाहेरच असावे, थोटके पाण्यात बुडवल्याशिवाय कचऱ्यात जाऊ नयेत, आणि एकदा धुमसलेली गादी विझल्यासारखी दिसली तरी आतल्या धगीमुळे पुन्हा पेटू शकत असल्याने ती घरात परत आणू नये. खोलीत धूर भरू लागला असेल, तर सर्वांना बाहेर काढून, दार ओढून घेऊन 101 वर अग्निशमन दलाला कळवावे.

घरात ऑक्सिजन घेणारा रुग्ण असेल, तर कागदावरच्या पट्ट्यांवर अजिबात विसंबता येत नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नसला तरी त्याच्या वाढलेल्या प्रमाणात कपडे, केस आणि नाकातली नळी क्षणात भडकतात. यंत्र बंद केल्यावरही तो कपड्यांत आणि पांघरुणात काही काळ रेंगाळतो. त्यामुळे त्या खोलीत रुग्णच नव्हे, तर भेटीला आलेल्या ज्येष्ठ नातेवाइकालाही काडी ओढू देऊ नये, मग ते सांगताना कितीही संकोच वाटो.