रूपक नसलेला कुत्रा

व्हर्जिनिया वुल्फ यांचे 'फ्लश' (1933) वर्गात निघाले की त्यातला कुत्रा पहिल्या दहा मिनिटांत वर्गाबाहेर जातो. विम्पोल स्ट्रीटवरची एलिझाबेथ बॅरेट यांची आजारपणाची खोली म्हणजे व्हिक्टोरियन स्त्रीची कोंडी, आणि फ्लश त्या कोंडीचे रूपक, असे आम्हीही वर्षानुवर्षे सांगत आलो. ते खोटे नाही. पण महाप्रस्थानिक पर्वातल्या श्वानाचेही असेच होते. युधिष्ठिर त्याच्यासाठी स्वर्ग नाकारतो तोवर तो कुत्रा असतो, आणि मग धर्म निघतो! कुत्र्याने कुत्रा राहूनच काही सांगावे, याला आमच्या वाचनात जागा नाही.

फ्लश हा स्पॅनिएल. शेतारानांत हुंदडलेला तो जीव लंडनच्या खोलीत येतो आणि बागेतही साखळीनेच फिरतो. 1846 मधल्या विवाहानंतर ब्राउनिंग दांपत्य इटलीला जाते, तेव्हा कुठे फ्लॉरेन्सच्या गल्ल्या त्याला मोकळ्या मिळतात. तिथे तो नाकाने जगतो, आणि त्या जगण्यापुढे मानवी भाषा तोकडी पडते हे वुल्फ जाणून आहेत. मराठीला कुबट, खवट, आंबूस, खमंग, करपट असे शब्द आहेत खरे. पण ते बहुतेक स्वयंपाकघर आणि कोठीच्या खोलीतच संपतात. विजेच्या खांबाच्या बुंध्याशी काय लिहिलेले असते, यासाठी आमच्याकडे शब्द नाही.

हा केवळ कादंबरीकाराचा कल्पनाविलास नव्हे. शार्लोट ड्युरांतों आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2019 साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वासाने खाऊ शोधायला दिले, तर इतरांना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा सराव. आधी आणि नंतर एक वाटी अशा जागी ठेवली की तीत खाऊ असेल की नाही, याचा अंदाज कुत्र्यानेच करावा. हुंगणारे कुत्रे नंतर त्या वाटीकडे अधिक लवकर गेले. शिस्तीत चालणाऱ्यांत तसा बदल दिसला नाही. कुत्रे मोजकेच होते, त्यामुळे यावर इमले बांधू नयेत. तरी आशा नावाची गोष्ट नाकातून येऊ शकते, ही सूचना आम्हांला लहान वाटत नाही.

आम्ही मात्र आमच्या कुत्र्याला कित्येक वर्षे घड्याळ लावून फिरवले. वीस मिनिटे, भरभर, आणि तो खांबापाशी थांबला की पट्ट्याला हिसका. फिरवणे म्हणजे त्याची विष्ठा आणि आमचा व्यायाम, एवढीच समजूत. घरी तो पुढचा पंजा रक्त येईतो चाटत बसे. डॉक्टरांना त्वचेत काही सापडले नाही. त्यांनी विचारले, 'याला फिरवता कसे?' उत्तर देताना आम्हांला ओशाळल्यासारखे झाले.

रहदारी आणि गल्लीतली कुत्री यांमुळे पट्टा सोडणे आमच्या रस्त्यावर शक्यच नाही. तो सैल धरणे शक्य होते. आता वेळ तीच, अंतर निम्मे. कधी तिसऱ्या खांबापुढे जाणेच होत नाही. पंजा भरून आला, तो केवळ यामुळेच असे आम्ही म्हणणार नाही. पण पट्टा हातात घेताच तो पूर्वी कोपऱ्यात सरके, तसा आता सरकत नाही.

काल चिंचेच्या मुळाशी तो चांगली चार मिनिटे उभा होता. शेजारच्या आजोबांनी विचारले, 'काय वाचतोय एवढं?' आम्हांला सांगता येईना. यंदा 'फ्लश' शिकवताना सुरुवात फ्लॉरेन्सपासून करावी असे मनात आहे. विम्पोल स्ट्रीट दुसऱ्या तासाला घेऊ.